प्लॉट नंबर अकराच्या पिसवा

मोतीराम गांगुर्डे यांच्या घोट्याला पहिली पिसू चावली, तेव्हा ते गुलाबावरची माव्याची कीड पुसत होते. ओल्या फडक्याने, एकेका पानावरून, वरून खाली. सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून बावीस वर्षं मोजणीची साखळी ओढल्यावर त्यांची अशी पक्की खात्री झाली होती, की जगात जे काही बिघडतं ते कोणीतरी घाईने माप घेतल्यामुळेच बिघडतं. त्यामुळे गांगुर्डे दाढीसुद्धा हद्द ठरवून करत.

तर घोटा खाजला. त्यांनी खाजवला. मग दुसरा खाजला. मग पोटरी. दहा मिनिटांनी ते एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने पहिला पाय खाजवत होते आणि हातातल्या फडक्याने मावा पुसायचा सोडून चष्मा पुसत होते.

"लता," त्यांनी हाक मारली, "आपल्या अंगणात काहीतरी आहे."

लताबाई नगरपालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत. अर्धवट वाक्य त्यांना चालत नसे. त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "काहीतरी म्हणजे काय? नाम सांगा."

"पिसवा."

आता इथे गांगुर्डे यांनी एक चूक केली. चूक म्हणण्यापेक्षा प्रामाणिकपणा म्हणू, परिणाम सारखाच. ते कुंपणापाशी गेले आणि शेजारच्या धोंडाबाईंना त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्याकडे पिसवा झाल्यात का हो?"

धोंडाबाईंच्या दोन्ही पायांवर लाल ठिपक्यांची रांगोळी होती. पण त्या म्हणाल्या, "अगंबाई, नाही हो. तुमच्याकडे झाल्यात?"

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, द्राक्षाच्या मळ्यांना खेटून वसलेल्या चौदा प्लॉटांच्या हरितकुंज सोसायटीत ही बातमी दुपारच्या जेवणाआधी फिरली. एकोणऐंशी सालचा एप्रिल महिना होता, उन्हामुळे लोक घरातच होते आणि घरात बसून सगळेच खाजवत होते. पण ज्याने पहिल्यांदा विचारलं त्याच्याकडेच पिसवा, असं सोसायटीने एकमताने ठरवून टाकलं. एरवी या सोसायटीचं नळाच्या वेळेवरसुद्धा एकमत होत नसे.

सल्ले मात्र लगेच सुरू झाले. धोंडाबाईंनी कडुनिंबाचा धूर सांगितला. गांगुर्डे यांनी चार घमेल्यांत ओला पाला पेटवला. धूर पिसवांकडे न जाता धोंडाबाईंच्याच गच्चीवर गेला, जिथे त्यांचे अडीचशे उडदाचे पापड वाळत होते. पुढे वर्षभर त्यांच्याकडे जेवायला गेलं की पापड मोडताच औषधाचा वास येई, आणि धोंडाबाई प्रत्येक पाहुण्याला त्याचं कारण पहिल्यापासून सांगत.

समोरचे यादव देवळालीच्या तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "धूरबीर बायकी काम आहे. तंबाखूचं पाणी! उकळायचं, गाळायचं, मारायचं. आमच्या बराकीत शत्रू एका रात्रीत साफ."

गांगुर्डे यांनी पाव किलो तंबाखू उकळली. भांडं कुठलं घ्यायचं हे यादवांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी चहाचं घेतलं. तंबाखूच्या वाफेने आधी गांगुर्डे यांनाच चक्कर आली आणि ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अर्धा तास डोकं धरून बसले. त्या अर्ध्या तासात त्यांच्या मांडीवर तीन पिसवा चढल्या, हे त्यांना दिसत होतं, पण हात उचलत नव्हता. लताबाईंनी ते भांडं खिडकीतून बाहेर टाकलं. नवीन भांडं येईपर्यंत चहा मिळणार नाही, असा निकाल त्यांनी दिला आणि तो तीन दिवस पाळला.

सगळ्यात मोठा सल्ला मात्र प्लॉट नंबर एकमधून आला. तिथे सोसायटीचे चेअरमन खंडेराव देवरे राहत. कृषी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मूळचे देवळ्याकडचे, घरचा कांदा, कडक इस्त्रीचा सदरा आणि कीड या विषयावर केव्हाही पाऊण तास बोलण्याची तयारी. ते छडी टेकत गांगुर्डे यांच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. फाटकावरूनच बोलले.

"गांगुर्डे, राग मानू नका. कीड ही नुसती औषधाने जात नाही. शेवटी हा राहणीमानाचा प्रश्न असतो."

एवढं बोलून ते वळले आणि निघून गेले.

गांगुर्डे तिथेच उभे राहिले. त्यांचं घर म्हणजे दिवसातून दोनदा पुसलेली फरशी, कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या काचेवर बोटाचा ठसा दिसला तर लताबाई चौकशी बसवत. त्या घरात राहणीमान कमी पडतंय, असं हा माणूस फाटकावरून सांगून गेला होता. आणि हा शब्द गांगुर्डे यांच्या चांगल्या ओळखीचा होता. नांदगावच्या शाळेत तो 'तू जरा दाराजवळ बस' असा भेटला होता. नाशिकला भाड्याने खोली शोधताना तो 'आमच्याकडे पाण्याची फार अडचण आहे हो' असा भेटला होता. आता तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता, एवढंच.

"काय म्हणाले?" लताबाईंनी विचारलं.

"राहणीमान."

लताबाईंनी पुसलेली फरशी पुन्हा पुसायला घेतली. मग मध्येच फडकं बादलीत टाकून त्या म्हणाल्या, "नाही पुसणार. स्वच्छ आहे ती."

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या पाटीवर कागद लागला. 'सूचना. प्लॉट क्र. ११ येथे पिसवांचा प्रादुर्भाव झाला आहे. सभासदांनी तेथे ये-जा टाळावी. संबंधितांनी राहणीमान सुधारावे. चेअरमन.' त्या संध्याकाळपासून लताबाईंकडे पाढे म्हणायला येणारी नऊ मुलं यायची बंद झाली. दूधवाला किटली फाटकाबाहेरूनच उंच धरून ओतू लागला आणि निम्मं दूध मोगऱ्याला जाऊ लागलं.

गांगुर्डे यांनी रजा टाकली. बावीस वर्षांत त्यांनी रजा फक्त लग्नाला आणि टायफॉइडला घेतली होती.

आरोग्याच्या कचेरीत डासांच्या खिडकीवर त्यांनी अर्ज दिला. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "पिसू आमच्याकडे नाही. आमच्याकडे डास. पिसू जनावराची, ती जनावरांच्या दवाखान्यात."

जनावरांच्या दवाखान्यात विचारलं, "कोणत्या जनावराच्या अंगावर आहे?"

"माझ्या," गांगुर्डे म्हणाले.

"मग माणसांच्याकडे जा."

ते परत डासांच्या खिडकीवर आले. आता नमुना लागेल, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी गांगुर्डे यांनी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीतून नमुना नेला. गृहस्थांनी बाटली उजेडात धरली. "ही मेलेली आहे. मेलेल्या पिसवेबद्दल तक्रार कशी घेणार? तिचा त्रास संपला." तिसऱ्या दिवशी गांगुर्डे यांनी जिवंत नेली, बुचाला सुईने भोकं पाडून. गृहस्थ खुर्ची मागे सारत ओरडले, "अहो, जिवंत पिसू कचेरीत आणता? सार्वजनिक जागा आहे ही!"

गांगुर्डे बाटली खिशात घालून वळले. त्यांचा चेहरा बघून जिन्याजवळच्या स्टुलावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "साहेब, बसा जरा." त्याचं नाव चिमाजी. नोकरी संपून दहा वर्षं झाली होती, पण घरी करमत नाही म्हणून तो रोज कचेरीत येऊन बसायचा आणि कोणी त्याला उठवत नसे. "पलेगच्या टायमाला मी गावोगाव पिसवा मोजत हिंडलोय," चिमाजी म्हणाला. "लय सोपं हाय. पांढरं मोजं घालायचं, गुडघ्यापातुर. आन चालायचं सावकाश. पिसू चालत्या पायावर उडी मारती. पांढऱ्यावर काळी दिसती. मोजायची. जिथं आकडा जास्ती, तिथं तिचं घर."

"मोजायची?" गांगुर्डे म्हणाले.

"मोजायची."

गांगुर्डे यांच्या पाठीचा कणा आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ झाला. पिसवांना कसं मारायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण मोजणी! मोजणी करायला ते जन्माला आले होते.

मेन रोडवरून त्यांनी फुटबॉल खेळणाऱ्यांचे पांढरे मोजे घेतले. मग घरी बसून सोसायटीचा नकाशा काढला, एकास पाचशेच्या प्रमाणात, उत्तर दिशेच्या बाणासकट. आणि मोजणी कायदेशीर व्हावी म्हणून चौदाही प्लॉटधारकांना, स्वतःला धरून, रीतसर नोटिसा लिहिल्या. 'दिनांक २७ रोजी सकाळी साडेसात वाजता आपल्या प्लॉटमध्ये पिसवांची मोजणी करण्यात येईल. समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी आपल्या माघारी होईल व मागाहून तक्रार चालणार नाही.' प्लॉट अकराची नोटीस त्यांनी लताबाईंच्या हातात दिली आणि सही घेतली.

सत्तावीस तारखेला हरितकुंज सोसायटीने जे पाहिलं ते तिथली मंडळी अजून विसरलेली नाहीत. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत पांढरेशुभ्र मोजे, पायात वहाणा, डोक्यावर साखळी ओढताना घालायची टोपी. गांगुर्डे एकेका अंगणात शिरत, कुंपणापासून चार फूट आत, ठरावीक वीस पावलं टाकत आणि थांबत. मागून लताबाई वही घेऊन. यादव हवालदार न बोलावता आले होते. मोहीम म्हटल्यावर त्यांना घरात बसवेना. ते गुडघ्यावर बसून मोज्यांवरचे काळे ठिपके मोजत आणि खणखणीत आवाजात आकडा सांगत.

"प्लॉट अकरा! नऊ!"

"नऊ," लताबाईंनी लिहिलं. गांगुर्डे यांनी स्वतःच्या अंगणातला आकडा सगळ्यात आधी घेतला होता.

"प्लॉट दहा! अकरा!"

"माझ्याकडे अकरा?" धोंडाबाई किंचाळल्या. "नीट बघा हो, दोन तर तुमच्याच असतील, कुंपणावरून आलेल्या!"

"पिसवेच्या अंगावर नाव नसतं, ताई," यादव म्हणाले. "पुढे चला!"

मुलं हसत मागून येत होती. कोणी विचारलं, "गांगुर्डे काका, मॅच कुठे आहे?" गांगुर्डे यांच्या कानशिलांना गरम वाटत होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी मोजे घालून लोकांच्या अंगणातून फिरायला त्यांना काही आनंद होत नव्हता. पण ते वीस पावलं बरोबर वीसच टाकत होते. आकडे वाढत चालले होते. प्लॉट सहा, सतरा. प्लॉट तीन, बावीस. प्लॉट दोन, अठ्ठावीस.

प्लॉट एकच्या फाटकावर खंडेराव देवरे छडी आडवी धरून उभे होते.

"मी तीस वर्षं कीडनियंत्रणात काढली आहेत," ते म्हणाले. "मला तुमचे मोजे शिकवू नका. आत पाऊल टाकायचं नाही."

गांगुर्डे यांनी वाद घातला नाही. त्यांनी भिंतीबाहेरच्या बोळातून, सोसायटीच्या सामायिक जागेतून, वीस पावलं टाकली.

"एकतीस!" यादव ओरडले. "नुसत्या भिंतीबाहेर एकतीस!"

लताबाईंनी लिहिलं, 'हद्दीबाहेरून'. गांगुर्डे यांनी त्याखाली रेघ मारली.

रविवारी सोसायटीच्या मोकळ्या जागेवर सतरंज्या घालून सभा भरली. विषय एकच होता. प्लॉट अकराने चार दिवस घर रिकामं करून फवारणी करून घ्यावी, असा ठराव चेअरमन मांडणार होते. तो त्यांनी मांडला. मग गांगुर्डे उठले. त्यांनी नकाशा दोन काठ्यांना बांधून उभा केला.

"हे आकडे. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पिसू जिथे जन्मते तिथे जास्त. माझ्याकडे नऊ. प्लॉट एकच्या भिंतीबाहेर एकतीस. आतलं मी सांगत नाही, कारण आतलं मी मोजलेलं नाही. जे मोजलेलं नाही ते मी बोलत नाही. ते दुसरे लोक बोलतात."

कोणीतरी पोटरी खाजवली, त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

खंडेराव हसले. "नकाशा काय, कोणीही काढतो. माझ्या आवारात एक पिसू दाखवा. एक!"

"मी दाखवते ना," मागून आवाज आला.

वत्सलाबाई देवरे उठून उभ्या राहिल्या होत्या. सभेत आजवर कधी न बोललेल्या. रागाच्या भरात त्यांची भाषा सरळ माहेरी, सटाण्याकडे गेली. "गांगुर्डे भाऊनं खरं शे. दोन महिने मी खाजवतेय. रातदिन. हे म्हणतात घामोळं शे! मागल्या पडवीत गावाकडनं आलेल्या कांद्याच्या बारदानाचा ढीग पडलाय, त्यात कुत्री व्यालीये, सहा पिल्लं. फेका म्हटलं तर म्हणतात, सरकारी माणसाला शिकवू नको. आणा ते मोजे इकडे!"

"वत्सला, खाली बस," खंडेराव म्हणाले.

"नाही बसत. बसले की चावतात."

त्यांनी गांगुर्डे यांच्याकडून मोजे घेतले, सतरंजीवर बसून नऊवारीखाली गुडघ्यापर्यंत ओढले आणि चालू लागल्या. सगळी सभा त्यांच्या मागे. ठराव सतरंजीवरच राहिला. वत्सलाबाई स्वतःच्या फाटकातून आत शिरल्या, घराला वळसा घालून मागल्या पडवीत गेल्या आणि बारदानाच्या ढिगाभोवती एक फेरी मारली. वीस पावलंसुद्धा झाली नाहीत. ढिगातून कुत्रीने मान वर काढून आलेल्या चौदा कुटुंबांकडे पाहिलं आणि मागच्या पायाने मनसोक्त कान खाजवला.

यादव गुडघ्यावर बसले. "एक! दोन! तीन!..." चौसष्टला ते थांबले.

"पुढे?" लताबाई पेन्सिल रोखून म्हणाल्या.

"पुढे मोजताच येत नाही. मोजे पांढरे राहिले नाहीत."

धोंडाबाईंनी साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी ठोकून पळ काढला. त्यांच्या मागे निम्मी सभा पळाली. ठराव बारगळला हे सांगायला नको.

खंडेराव पडवीच्या खांबाला धरून उभे होते. इस्त्रीच्या सदऱ्यात त्यांचा हात हळूच शिरला आणि बरगडी खाजवू लागला. बहुधा तेही दोन महिने हेच करत होते, एकटे असताना.

"गांगुर्डे," ते खालच्या आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. मी तो कागद काढून टाकतो. विषय संपवा. चहा घेऊन जा."

कोणीही हो म्हटलं असतं. चेअरमन स्वतः चहाला बोलावत होते. सात वर्षांत पहिल्यांदा. गांगुर्डे यांनाही क्षणभर वाटलं, जाऊ दे. बाकी मंडळींचे चेहरे तेच सांगत होते. शेजारधर्म आहे, मोठा माणूस आहे, मान खाली घातली त्याने, आणखी काय हवं?

"कागद काढायचा नाही," गांगुर्डे म्हणाले.

"म्हणजे?"

"तो आठ दिवस पाटीवर होता. लोकांनी वाचला. माझ्या बायकोकडे मुलं यायची थांबली. कागद काढला की लोक म्हणतील, अकराच्या पिसवा गेल्या वाटतं. मला दुसरा कागद हवा. त्याच पाटीवर, तुमच्याच अक्षरात, आठच दिवस. प्लॉटचा नंबर खरा लिहायचा. आणि तो शब्द परत घ्यायचा."

"कोणता शब्द?"

"तुम्हाला माहीत आहे."

खंडेरावांनी बरगडीवरचा हात सदऱ्यातून बाहेर काढला. "आणि नाही लिहिला तर?"

"तर मी रोज सकाळी साडेसातला मोजे घालून तुमच्या भिंतीबाहेर मोजणी करीन. सामायिक जागा आहे. नकाशात दाखवली आहे."

यादव हवालदारांनी नकळत टाचा जुळवल्या. वत्सलाबाई म्हणाल्या, "आणि मी आतून करीन."

दुपारी ढीग उपसला गेला. हे सांगितलं पाहिजे, की त्यात पहिली बारदानं गांगुर्डे यांनीच उचलली. खंडेराव आणि ते दोघांनी मिळून ती उन्हात पसरली, पडवी उकळत्या पाण्याने धुतली, फटींमधून शेतकी दुकानातली पावडर मारली. औषध किती आणि कुठे, हे मात्र खंडेराव अचूक सांगत होते. तीस वर्षं काही फुकट गेली नव्हती. यादवांनी कुत्री आणि सहा पिल्लं साबणाने एका रांगेत धुतली. काम करताना गांगुर्डे आणि खंडेराव पावडरीखेरीज एक शब्द बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी पाटीवर नवा कागद होता. शाळेला निघालेल्या लताबाई थांबल्या. त्यांनी पर्स काखेत मारली आणि चौथीचा धडा वाचावा तसा तो मोठ्याने, सावकाश वाचला. आजूबाजूच्या खिडक्या उघडत गेल्या. 'सूचना. पिसवांचा प्रादुर्भाव प्लॉट क्र. १ येथून झाल्याचे मोजणीत सिद्ध झाले आहे. प्लॉट क्र. ११ बाबत पूर्वी लिहिलेला मजकूर व राहणीमानाविषयीचे शब्द मागे घेत आहे. याबद्दल मी दिलगिर आहे. खंडेराव देवरे, चेअरमन.'

खंडेराव आपल्या फाटकाशी उभे होते. लताबाई त्यांच्याकडे वळल्या.

"देवरे साहेब, दिलगिरी लिहायचं असेल तर गि ऱ्हस्व. दिलगीर लिहायचं असेल तर गी दीर्घ. तुम्ही ना इकडे आहात, ना तिकडे."

"बाई, अर्थ पोचला ना?"

"माझ्या वर्गात नुसता अर्थ चालत नाही," लताबाई म्हणाल्या. "पुन्हा लिहून आणा."

आणि त्या शाळेला गेल्या.

संध्याकाळी लताबाई परतल्या, तेव्हा ओट्यावर सात मुलं पाढे म्हणायला येऊन बसली होती. पाटीवर नवा कागद लागला होता. अक्षर पहिल्यापेक्षा ठळक होतं, आणि गी दीर्घ होती.